पावशेराचा फरक

१

सहा डिसेंबर, १९६८. सकाळचे आठ. द्रौपदाबाईंनी सामानाच्या खोलीतून नुकतंच आणलेलं आपलं गाठोडं सोडलं, आत हात घातला, पार कोपरापर्यंत घातला, आणि मग ते तसंच उघडं टाकून भिंतीला टेकून बसल्या.

"माहा डबा गेला," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पण त्यांचं तोंड इतकं उतरलं की शेजारच्या चार बायका उठून आल्या, आणि पाच मिनिटांत साऱ्या निवासात बातमी झाली की चोरी झाली.

शांताबाई तेव्हा चुलीपाशी, चहात साखर जास्त ओतली म्हणून कुणाला तरी झापत होत्या. झापणं अर्धंच सोडून त्या धावल्या. अर्धं सोडलेलं काम त्यांना दिवसभर टोचायचं, पण आज इलाज नव्हता.

चेंबूरच्या मजूर वसाहतीतलं हे धम्मदीप यात्री निवास म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. विहाराला लागून एक सभागृह, पुढे ताडपत्रीचा मांडव, दोन नळ आणि एक सामानाची खोली. बाबासाहेबांना वंदन करायला दादरच्या चौपाटीवर जाणारी विदर्भ-मराठवाड्यातली माणसं दर डिसेंबरात दोन दिवस इथे उतरायची. वसाहतीतलं कुणी तांदूळ द्यायचं, कुणी भांडी द्यायचं, आणि ज्यांच्याकडे देण्यासारखं काही नसे ते निळी फीत लावून आपले दोन दिवस द्यायचे. शांताबाई त्यांच्यातल्या. एरवी त्या प्रसूतिगृहात आया. बावीस वर्षं लोकांची बाळंतपणं निस्तरून पायाला जी भिंगरी लागली, ती रजेतही थांबायला तयार नव्हती. त्यांना बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

"काय होतं हो डब्यात?" त्यांनी विचारलं.

"चटणी," द्रौपदाबाई म्हणाल्या.

एवढ्यात निवासाचे सेक्रेटरी नंदकुमार आले. एका कचेरीत कारकून, खिशाला दोन पेनं, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद असलीच पाहिजे असा खाक्या. "चटणीसाठी कुणी असं बसतं का आजी? खरं सांगा, दागिने होते ना?"

म्हातारीने एकदा मुलाकडे पाहिलं आणि खाली मान घालून ती हलवली. हो म्हणाली नाही, नुसती मान हलवली. मुलगा भीमराज तिथेच उभा होता. मेहकरकडच्या आपल्या गावातून चाळीस माणसं घेऊन आलेला शाळामास्तर, गावात ज्याच्या शब्दाला मान तो भीमराज गुरुजी. तो एक अक्षर बोलला नाही.

"सामानाच्या खोलीची किल्ली कुणाकडे?" नंदकुमारांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊकच होतं. "मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो, बाहेरच्या बाईकडे किल्ली नको. अकरा वाजता ट्रक निघतील. तोवर डबा मिळाला नाही, तर चौकीत जाऊन मी त्या कोळणीचं नाव देणार."

२

ती कोळीण, सगुणा, खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. किल्ली कमरेची काढून तिने बाजूला ठेवली होती.

सगुणा खारदांड्याची. सहा वर्षांपूर्वी मासळी विकता विकता बाजारातच तिला कळा लागल्या. प्रसूतिगृहात आणली तेव्हा पोर पायाळू आणि आईची शुद्ध हरपलेली. रात्रभर जी उशाशी उभी राहिली ती शांताबाई. त्या पोरीचं, जयाचं, नाव ठेवायलाही त्याच होत्या. तेव्हापासून दर डिसेंबरात सगुणा दोन दिवस पाटी बाजूला ठेवून निवासात राबायला यायची. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नको म्हणेल असं तिला वाटलंही नव्हतं.

"बाय, मी जातंय घरा," ती म्हणाली.

"आत्ता गेलीस तर चोर म्हणून गेलीस. बस गपचूप."

"चौकीत नाव गेला तर दांड्यात माझ्या पाटीला हात कोण लावील? जयाला शाळंत पोरी काय बोलतील?" तिचे डोळे भरून आले आणि तिने ते रागाने पुसले.

ही इथे येते ती आपल्यामुळे, हे शांताबाईंना ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला हे लोक निघाले होते, आणि हातात होते जेमतेम तीन तास.

"हे बघ, रडायचं नंतर. सकाळपासून खोलीत कोण कोण आलं?"

"आत कुणीच नाय. सेक्रेटरी मेणबत्त्यांचा खोका घेवन आले, पन तो मी दारातच घेतला. एकतीस नंबरचा गाठोडा साडेपाचला बाहेर गेला. म्हातारीची सून आली, मीरा. बिल्ला दिला, गाठोडा नेला. पांढरी कापडं काढून सहाच्या आत परत आणून दिला."

"आणि मग?"

सगुणा घुटमळली. "बाय, सांगितला तर हसशील."

"सांग तू."

"परत आला तो हलका व्हता. म्हणजे कापडं काढली, हलका व्हनारच. दोन लुगडी न् एक सदरा, त्याचा वजन माझ्या हाताला कळतंय. पन त्याच्याहून वर पावशेर कमी व्हता. मना वाटला, खाऊ काढला असंल. लोकांच्या गाठोड्यात मी कशाला नाक घालू?"

शांताबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, दोन गाठोडी निवडली आणि सगुणाकडे पाठ करून एकात पाण्याने भरलेला तांब्या लपवला. "उचल. कुठलं जड, आणि किती?"

सगुणाने दोन्ही हातांनी तोललं. "हा. शेर-सव्वाशेर जास्ती. न् आत पानी हाय, हिंदकाळतंय."

मासळीच्या बाजारात वीस वर्षं ज्या हातांनी तराजूचं काम केलं, ते हात खोटं बोलत नव्हते. म्हणजे डबा खोलीतून गेलाच नव्हता. गाठोडं रीतसर बाहेर होतं, त्या अर्ध्या तासात तो गेला. पण सेक्रेटरीला हे सांगायचं कसं? कोळणीच्या हाताची नोंद त्याच्या वहीत कुठल्या रकान्यात बसणार होती?

३

मीरा नळापाशी प्रवासातली मळकी लुगडी दोरीवर टाकत होती. शांताबाई येताना दिसल्या तशी तिने तोंड ओल्या कापडाआड घेतलं.

"गाठोडं तू नेलं होतंस?"

"हो."

"कुठं ठेवलंस?"

"इथंच. या ओट्यावर. मी आंघोळीले गेले आडोशाला. आले तवा होतं तिथंच, मग देऊन आले."

"मध्ये कुणी हात लावला?"

मीराने लुगड्याच्या काठाची चुणी दोनदा सरळ केली. "मले काय माईत. मी आत होती."

"ओट्यावर कोण होतं?"

"खंडूमामा होते दात घासत. आन्... हे आले होते. यांचा सदरा होता ना गाठोड्यात."

'हे' म्हणजे गुरुजी. पण मुलाने आपल्याच आईचा डबा का घ्यावा? शांताबाईंनी तो विचार बाजूला ठेवला आणि गुरुजींबरोबर आलेल्या म्हाताऱ्या खंडूला गाठलं. तो मांडवाच्या मागे बसला होता, आणि त्यांना पाहताच त्याने हातातलं काहीतरी घोंगडीखाली सारलं. त्याच्या धोतराच्या सोग्यावर लालभडक डाग होता.

"काढा बाहेर," शांताबाई म्हणाल्या.

"काय काढू बाई?"

"घोंगडीखाली काय आहे ते."

खंडूने सुस्कारा टाकून घोंगडी उचलली. विड्यांचं बंडल निघालं आणि पानाचा पुडा. "गुरुजीले सांगू नका बरं. गावात शपथ घेतली होती मी, सगळ्यायच्या म्होरं. आधीच नावावरून बोलते मले तो. म्हणते, खंडोबाचं नाव टाकून दे. म्हणलं, साठ वरसं झाली बाप्पा, आता नवीन नावानं हाक मारली तं मी वळूनच पाहणार नाही."

डाग पानाचाच होता. शांताबाईंनी नखाने खरवडून पाहिला, वासही घेतला.

"सकाळी गाठोड्याला कुणी हात लावला, ते पाहिलं?"

"गुरुजीनं सदरा काढला. आंगात घातला. मंग पुन्हा काहीतरी चाचपलं आन् पाठ फिरवून उभा राह्यला. जरा वेळानं पाहतो तं नळावर. सदरा काढून धुवाले बसला होता." खंडू खिदळला. "लग्नाला चौदा वरसं झाली बाई, पण त्या माणसानं कधी आपला रुमाल धुतला नाही."

शांताबाई वळता वळता थांबल्या. धुतलेला, स्वच्छ, नुकताच अंगात घातलेला सदरा माणूस लगेच काढून धुतो कशाला?

४

दहा वाजता वंदना होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत रांगेने बसले. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भीमराज गुरुजी पुढे उभं राहून सांगत होते आणि मागून शे-दीडशे आवाज उठत होते. शांताबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात, अर्धं गुरुजींच्या पाठीकडे. सदरा ओला होता, पाठीला चिकटलेला. माणसाकडे पांढरा सदरा एकच, म्हणून ओलाच घातला होता.

पहिलं शील झालं. दुसरं आलं. अदिन्नादाना वेरमणी. दिलं नाही ते घेणार नाही. गुरुजींचा आवाज तिथे खाली बसला, आणि मागच्या लोकांनीच ते शील पुरं केलं. कुणाला काही वाटलं नाही. सकाळपासून बोलून घसा बसला असेल, असंच सगळ्यांनी धरलं.

मग त्यांनी हात जोडून वर नेले आणि शांताबाईंना बाह्या दिसल्या. मनगटाकडच्या दोन्ही घड्यांवर तांबडे डाग होते.

वंदना संपल्यावर त्या सरळ समोर गेल्या. "गुरुजी, हे काय लागलं?"

"काही नाही. नाक फुटलं होतं सकाळी. रक्त आहे."

"पाण्याने गेलं नाही?"

"सोडा लावून चोळलं. खळबळायला उभा राहिलो तर नळच गेला."

सात वाजता नळ जातो, हे खरं होतं. पण बाकीचं नव्हतं. रक्ताचे कपडे धुण्यात शांताबाईंचं आयुष्य गेलं होतं. चार तासांत रक्ताचा डाग काळपट तपकिरी पडतो. त्याला सोडा लावला की आणखी मातकट होतो. असा कुंकवासारखा लाल तो राहत नाही.

सोड्याने असं लाल होणारं घरात एकच असतं, आणि ते त्यांना आता कळलं होतं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. मांडवाबाहेर नंदकुमार चौकीला द्यायचा अर्ज उभ्याउभ्या लिहीत होते.

५

"गुरुजी, जरा आत या," शांताबाई म्हणाल्या, आणि सरबतासाठी चिरून ठेवलेल्या लिंबांतली एक फोड उचलून त्यांना सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या. "हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

त्यांनी उजव्या बाहीच्या डागावर लिंबू पिळलं. बघता बघता तांबडं नाहीसं झालं आणि तिथे पिवळाधमक डाग उमटला. गुरुजींनी हात मागे घेतला नाही. आता घेऊन काय उपयोग होता?

"रक्त पिवळं होत नाही," शांताबाई म्हणाल्या. "ही हळद आहे. सकाळपासून मांडवात चहाशिवाय काही शिजलं नाही. सदरा गाठोड्यातून काढलात, तो स्वच्छ होता. म्हणजे हळद आली ती गाठोड्यातूनच. तुमच्या आईच्या कानाची भोकं कधीच बुजली आहेत, तिच्याकडे दागिने कुठले? ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी सेक्रेटरी दागिने म्हणाले तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. पावशेराची डबी, आत कोरडी हळद. तिच्यात काय ठेवतात, ते मला नका विचारायला लावू. माझ्या सासूकडेही होते."

गुरुजी पोत्यावर बसले. खांद्याची झोळी त्यांनी मांडीवर घेतली, चार पुस्तकं बाजूला केली आणि डबी काढली. झाकण उघडलं. भंडाऱ्यात एक टाक होता. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेला घोड्यावरचा खंडोबा, अंगठ्याएवढा.

"नागपूरहून दीक्षा घेऊन आलो," ते म्हणाले, "तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक मी माझ्या हाताने नदीत टाकले. साऱ्या गावासमोर. बारा वर्षं लोकांना सांगतोय, पहिलं घर आमचं. आणि आज, आजच्या दिवशी, माझ्याच घरच्या गाठोड्यात हे. झाकण उघडताना हातावर सांडलं. मला दुसरं काही सुचलं नाही. वाटलं, खाडीत टाकून देऊ, कुणाला कळणारही नाही. आईने आरडाओरडा केला नसता तर..."

"तिने कुठं केला? तो सेक्रेटरीने केला. आणि तुम्ही ऐकत राहिलात. तिकडे त्या सगुणाचं नाव चौकीत चाललंय."

"आपलेच दात, आपलेच ओठ," गुरुजी म्हणाले. "मी काय सांगणार होतो चारचौघांत?"

शांताबाई चिडल्या. पण जे बोलल्या ते हळूच बोलल्या. "मी माझ्या सासूचे टाक खाडीत टाकले. तिला न विचारता. सासू महिनाभर बोलली नाही माझ्याशी. मला वाटलं, अडाणी आहे. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. तिला विचारायला हवं होतं, हे मला अलीकडे कळतं. देव सोडला ते बरोबरच केलं. पण तिच्या हातून सोडवायला हवं होतं."

"मी त्याले ठेवाले नाही आणलं, बापू."

दारात द्रौपदाबाई उभ्या होत्या. कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"पोचवाले आणलं," त्या म्हणाल्या. "तू बाकीचे नदीत फेकले, तवा मी काही म्हणलं नाही. हा एक मागं ठेवला. तू तापानं फणफणला होता लहानपणी, तवा मी याच्याच म्होरं बसून राह्यली होती. आता मी बुद्धाची हाओ, खोटं नाही बोलत. पण ज्यानं सोबत केली त्याले कुणी दारातून ढकलते का? म्हणलं, दादरला बाबासाहेबाले सांगीन आन् माह्या हातानं समुद्रात सोडीन. तुले सांगतलं असतं तं तू येऊ देलं असतं मले?"

गुरुजींनी डबीचं झाकण लावलं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

६

नंदकुमार अर्जाची घडी घालत होते. सगुणा मांडवाच्या खांबाशी उभी होती, फीत सोडून हातात धरलेली. दीडशे माणसं ट्रककडे जायची सोडून तिथेच घुटमळत होती.

भीमराज गुरुजी मधोमध येऊन उभे राहिले. एक बाही लाल, एक पिवळी. त्या त्यांनी मुडपल्या नव्हत्या.

"डबा मी घेतला," ते म्हणाले. "आईला न विचारता घेतला, आणि या बाईवर आळ आला तरी गप्प बसलो. मघाशी दुसरं शील माझ्या तोंडून पुरं झालं नाही, त्याचं कारण हे." मग ते सगुणाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "ताई, चूक माझी. तुमची नाही."

मांडवात कुजबुज उठली. खंडू आ वासून पाहत राहिला. नंदकुमारांचं मात्र समाधान झालेलं दिसेना.

"पण डब्यात होतं काय?" त्यांनी विचारलं. "दागिने ना? मला नोंद करावी लागेल."

द्रौपदाबाईंनी पदर घट्ट धरला आणि तोंड उघडलं. दीडशे माणसं, आजचा दिवस, आणि म्हातारी खरं सांगून टाकणार हे शांताबाईंना दिसत होतं. त्यांच्या पायातली भिंगरी तेवढ्यापुरती थांबली.

"चटनी," खांबाशी उभी सगुणा म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तिनं पयलाच सांगितला व्हता, सकाळी. तुम्हीच ऐकला नाय. दागिने तिच्या तोंडात तुम्ही घातले."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. नंदकुमारांनी अर्जाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि कागद खिशात टाकला. उंबऱ्यावरची किल्ली उचलून त्यांनी स्वतः सगुणासमोर धरली. सगुणाने त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. तिने किल्ली कमरेला खोचली.

"बाहेर कोण आणि आत कोण, हे आता आपण ठरवायला लागलो का नंदकुमार?" शांताबाई जाता जाता म्हणाल्या. ते सकाळपासून त्यांच्या जिभेवर होतं. अर्धं काम सोडणाऱ्या त्या नव्हत्याच.

दादरला दर्शनाची रांग चार तास चालली. ऊन उतरायला आलं तेव्हा पाच माणसं गर्दीतून बाजूला झाली आणि पाण्याकडे गेली. शांताबाई वाळूतच थांबल्या. मीराने सासूची चप्पल हातात घेतली. गुरुजींनी झोळीतून डबी काढली. ती आईला द्यायच्या आधी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि मग आईच्या ओंजळीत ठेवली.

सगुणाने म्हातारीचा दंड धरला. "भिव नको, माय. ओहोटी हाय. मी हाय ना." गुडघाभर पाण्यापर्यंत तिने तिला नेलं. म्हातारीने डबी उघडली आणि काहीतरी पुटपुटली. ते काय, हे सगुणाने कधी कुणाला सांगितलं नाही. टाक पाण्यात गेला, थोडी हळद लाटेवर पसरली आणि लगेच दिसेनाशी झाली. रिकामी डबी म्हातारीने कमरेला खोचली. पितळेची होती, घरात लागते.

दोघी परत आल्या. मुलाने हात पुढे केला, पण म्हातारीने सगुणाचा हात सोडला नव्हता. सगुणाने तो हात आपल्या तळव्यावर घेतला, सवयीने तोलला आणि म्हणाली, "पावशेर कमी झाला बघ."

द्रौपदाबाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. "व्हय माय," त्या म्हणाल्या, "बारा वरसं उचलत होती मी."